शेतनोंद: 72 माणसांची म्युनिसिपालिटी



आधी आजची शेतातली नोंद. हरभऱ्याचे घाटे भरत आलेत. खालच्या तुकड्यात थोडी मर आहे. कामगंध सापळ्यात पतंग कमी झाले म्हणून फवारणी टाळली. काढणीला अजून पंधरा दिवस तरी लागतील. आता मूळ विषय. विषय लांबचा आहे आणि पोस्टही लांबली आहे, पण सवडीने शेवटपर्यंत वाचा.

मागच्या खेपेला हरभरा घेऊन बाजार समितीत गेलो, तर आडत्या म्हणाला, "भाऊ, बंदरावर पिवळा वाटाणा उतरलाय, भावाचं काय खरं नाय." डिसेंबर 2023 मध्ये सरकारने पिवळ्या वाटाण्यावरचं आयात शुल्क काढलं आणि पुढे मुदत वाढत गेली, हे आपल्यापैकी सगळ्यांना माहीत आहे. मी घरी येताना एवढाच विचार करत होतो, की हा वाटाणा पेरणारा माणूस आहे तरी कोण? माझा भाचा कॅनडात सस्कॅचेवान प्रांतात रेजायनाला ट्रक चालवतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, इथं शेत दिसतं, शेतकरी दिसत नाय. कधी कधी वीस किलोमीटर गाडी चालवली तरी एक घर लागत नाय."

तेव्हापासून जमेल तसं वाचत गेलो. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतो.

सस्कॅचेवानच्या नैऋत्य कोपऱ्यात, अमेरिकेच्या सीमेपासून फार लांब नाही, ग्लेन मॅकफर्सन नावाची एक ग्रामीण म्युनिसिपालिटी आहे. क्रमांक 46. म्युनिसिपालिटी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शहर येतं. तिथं तसं नाही. ग्रामीण म्युनिसिपालिटी म्हणजे त्यांची ग्रामपंचायतच, फक्त शिवार आपल्या अर्ध्या तालुक्याएवढं. प्रांतात अशा 296 आहेत. नेहमीचं माप असं: 6 मैल लांब आणि 6 मैल रुंद अशी एक टाउनशिप, आणि अशा नऊ टाउनशिप मिळून एक म्युनिसिपालिटी. म्हणजे 18 मैल बाय 18 मैल, जवळपास 840 चौरस किलोमीटर, एकरात धरलं तर दोन लाख सात हजार एकर. आणि 2016 च्या जनगणनेत ग्लेन मॅकफर्सनची लोकसंख्या होती 72.

बहात्तर. आमच्या भावकीत लग्न निघालं तर एवढी माणसं नुसती हळदीला असतात. हिशेब केला तर माणशी 2,800 एकरांच्या वर जमीन येते. आपल्या महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेप्रमाणे एका चौरस किलोमीटरमध्ये 365 माणसं राहतात. तिथं एका माणसाच्या वाट्याला अकरा-बारा चौरस किलोमीटर.

हे असं कसं झालं, हा खरा प्रश्न. जमीन मुळात ओसाड होती म्हणून नव्हे.

त्या गवताळ मैदानावर आधी नाकोडा, क्री अशा मूलनिवासी लोकांचं राहणं होतं. बायसन म्हणजे तिथले रानरेडे, त्यांच्या कळपांवर सगळं जगणं. 1876 च्या अमेरिकेतल्या लढाईनंतर लाकोटांचा सिटिंग बुल आपली माणसं घेऊन याच भागात, वुड माउंटनजवळ येऊन राहिला होता. 1881 ला उपाशी पोटी परत गेला, कारण तोवर बायसन संपले होते. 1874 च्या करार क्रमांक 4 ने दक्षिण सस्कॅचेवानची जमीन सरकारकडे गेली. मूलनिवाशांना पाच जणांच्या कुटुंबाला 640 एकर या हिशेबाने राखीव जमीन ठरली. त्यांनी शेती करायची असं सरकारच म्हणत होतं. त्यातल्या काहींनी ती चांगली करूनही दाखवली, तेव्हा 1889 पासून काही वर्षं नियम आला, की त्यांनी यंत्रं वापरायची नाहीत, हातच्या अवजारांनी थोडी थोडी जमीन कसायची. शेजारी गोरा शेतकरी यंत्राने कापणी करतोय आणि यांच्या हातात विळा. त्या मैदानाच्या रिकामेपणाची सुरुवात इथून आहे, हे विसरून चालणार नाही.

मग मोजणी आली. इथं आपल्या कामाची एक गंमत आहे. 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी जी मोजणी चालवली, तिची साखळी 33 फुटांची. 33 गुणिले 33 म्हणजे आपला गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. कॅनडात साखळी 66 फुटांची, बरोबर दुप्पट. एकर तोच. पण आपल्याकडे मोजणीदार आला तेव्हा शेतं आधीच होती, बांध होते, ओढे होते, भांडणं होती. त्याने आहे ते मोजलं. तिथं त्यांनी आधी कागदावर चौकोन आखले आणि मग माणसं बोलावली. एक मैल बाय एक मैल म्हणजे एक सेक्शन, 640 एकर. त्याचा पाव हिस्सा 160 एकर, हे एका कुटुंबाचं शेत. आणि रस्त्याची जागा आधीच सोडलेली: उत्तर-दक्षिण दर मैलाला, पूर्व-पश्चिम दर दोन मैलांना, 66 फूट रुंद. आपण पाणंद रस्त्यासाठी तहसीलच्या किती चकरा मारतो ते आठवा. त्यांना रस्ता आधी मिळाला, शेजारी नंतर.

1872 च्या कायद्याने 160 एकर दहा डॉलर फी भरून मिळायचे. अट अशी, की तीन वर्षं, दर वर्षी सहा महिने तिथं राहायचं, घर बांधायचं आणि ठरलेली जमीन नांगरून दाखवायची. पण दक्षिणेचा हा भाग कोरडा. जॉन पॅलिसर नावाच्या माणसाने 1857 ते 1860 मध्ये पाहणी करून सांगितलं होतं, की हा त्रिकोणी पट्टा शेतीला योग्य नाही. वीस वर्षांनी जॉन मॅकून आला. त्याने पाहिली ती वर्षं नेमकी पावसाची. तो म्हणाला, उत्तम जमीन आहे. सरकारला आणि रेल्वेला मॅकूनचं म्हणणं सोयीचं वाटलं. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं, खोटं कुणीच बोललं नाही. फक्त दोघांनी पाहिलेली वर्षं वेगळी होती. आपल्याकडेही दोन वर्षं पाऊस चांगला झाला की लोक डाळिंब सोडून ऊस लावतात, त्यातलाच प्रकार.

सुरुवातीला तिथं मोठे गुरांचे तळ होते. 1906-07 च्या हिवाळ्यात इतका बर्फ आणि गारठा पडला, की उघड्यावरची हजारो जनावरं मेली आणि बरेच तळ मोडले. लगेच 1908 मध्ये कायदा बदलला. हा कोरडा पट्टाही खुला झाला आणि पहिल्या 160 एकरांच्या जोडीला आणखी 160 एकर तीन डॉलर एकराने घेता येऊ लागले. युरोपातून, अमेरिकेतून, पूर्व कॅनडातून माणसं आली. पुढच्या चार-पाच वर्षांत इथली शिवारं भरली. म्युनिसिपालिट्या उभ्या राहिल्या त्या याच काळात. प्रत्येकीत एक प्रमुख, त्याला ते रीव्ह म्हणतात, आणि साधारण सहा सदस्य. काम म्हणजे रस्ते, पूल, तण, उंदरांसारख्या खारी आणि करवसुली.

पेरलं काय? गहू. आणि त्या गव्हात आपल्याकडचं रक्त आहे, हे मला आजवर माहीत नव्हतं. तिथला जुना वाण रेड फाइफ. दाणा चांगला, पण उशिरा पिकायचा आणि ऑगस्टअखेरच्या कडाक्याच्या थंडीत सापडायचा. हिंदुस्थानातून गेलेला हार्ड रेड कलकत्ता नावाचा लवकर येणारा गहू होता, त्याच्याशी रेड फाइफचा संकर 1892 ला झाला. त्या संकरातून चार्ल्स सॉन्डर्सने ओटावाच्या सरकारी फार्मवर निवड करत करत मार्क्विस वाण काढला. दाणे चावून चिकटपणा बघायचा, अशी त्याची सुरुवातीची परीक्षा. 1909 पासून बी शेतकऱ्यांकडे गेलं. आठवडाभर आधी येणारा गहू म्हणजे तिथं पीक हाती लागणं आणि न लागणं यातला फरक. दहाएक वर्षांत प्रेअरीवर जिकडे तिकडे मार्क्विस झाला.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहितोय तो भाग. कोरडवाहूवाल्यांनी नीट वाचावा.

1885 मध्ये त्या भागात बंड झालं. इंडियन हेड गावाच्या परिसरातले घोडे सैन्याच्या वाहतुकीला गेले, त्यामुळे काही जमीन पेरायची राहिली. अँगस मॅके नावाच्या शेतकऱ्याने ती पड जमीन पाळ्या घालून स्वच्छ ठेवली. 1886 ला दुष्काळ पडला. आजूबाजूचं गेलं, पण आदल्या वर्षी पड ठेवलेल्या तुकड्यात पीक आलं, कारण वर्षभराची ओल जमिनीत साठली होती. मॅके पुढे इंडियन हेडच्या सरकारी प्रयोग फार्मचा प्रमुख झाला. एक वर्ष पड आणि एक-दोन वर्षं गहू, हा सल्ला सगळीकडे गेला. सल्ला चुकीचा नव्हता. पण त्यात पुढे भर पडत गेली, की पड जमीन काळी ठेवा, एक काडी दिसू देऊ नका, वरचा थर पिठासारखा बारीक करा म्हणजे ओल उडणार नाही. हजारो शेतकऱ्यांनी तसं केलं, वर्षानुवर्षं केलं.

1930 च्या दशकात पाऊस हटला आणि वारा सुटला. पिठासारखी केलेली माती उडाली. कुंपणं मातीत गाडली गेली, दुपारी दिवे लावावे लागले. वर गव्हाचा भाव मंदीत कोसळलेला. 1937 ला तर अख्ख्या सस्कॅचेवानचा गव्हाचा सरासरी उतारा एकरी तीन बुशेलच्याही आत आला. आपल्या मापात एकरी एक क्विंटलसुद्धा नाही, 80 किलोच्या आसपास. बियाणंही निघालं नाही बऱ्याच जणांचं.

या काळात म्युनिसिपालिटी काय करत होती? शेतकऱ्यांचा कर थकलेला, म्हणून तिच्या तिजोरीत खडखडाट, आणि दारात तेच शेतकरी मदतीला उभे. बियाणं, चारा, कोळसा, शिधा वाटायचं काम तिच्याच हाताने झालं. घेणारा ओळखीचा, देणाराही ओळखीचा. सदस्य स्वतः यादीत. कर थकला म्हणून हजारो एकर जमीन शेतकरी सोडून गेले आणि ती म्युनिसिपालिटीच्या किंवा सरकारच्या नावावर चढली. 1935 मध्ये केंद्र सरकारने प्रेअरी पुनर्वसनाचा कायदा केला. शेततळी खोदली, वाऱ्याला आडव्या झाडांच्या रांगा लावल्या आणि उडालेल्या जमिनीवर गवत पेरून सामाईक कुरणं केली. म्हणजे 1908 ला जी जमीन नांगरायला दिली, ती पंचवीस-तीस वर्षांत परत गवताखाली आणावी लागली. पॅलिसरचं म्हणणं इतक्या महाग किमतीला पटलं.

शेतकऱ्यांनीही डोकं चालवलं. अल्बर्टात चार्ल्स नोबलने असं पातं बनवलं, की ते जमिनीखालून तण कापतं पण धसकटं वर उभी ठेवतं. पट्टा पद्धत आली. शेतात काडी दिसणं हे आळशीपणाचं लक्षण मानलं जायचं, ते शहाणपणाचं लक्षण झालं. तिथून पुढे 1980-90 च्या दशकात विना नांगरणीची पेरणी आली. आणि पड जमिनीच्या जागी काय पेरायचं, याचं उत्तर मिळालं ते डाळवर्गीय पिकात. सस्कॅचेवान विद्यापीठातल्या अल स्लिंकार्ड यांनी 1978 ला लेअर्ड आणि 1980 ला एस्टन हे मसुराचे वाण दिले. दोन्ही नावं तिथल्या छोट्या गावांची. कमी पाण्यात येणारं, नत्र स्वतःचं स्वतः करणारं पीक. पड संपली, मसूर आणि वाटाणा आला. आणि तो खाणारं गिऱ्हाईक म्हणजे आपण.

म्हणजे आमच्या बाजार समितीत माझ्या हरभऱ्याचा भाव पाडणारा वाटाणा हा त्या उडालेल्या मातीतून शिकलेल्या धड्याचाच माल आहे. हे कळल्यावर राग गेला असं नाही. पण रागाची दिशा बदलली. नोव्हेंबर 2017 मध्ये आपल्या सरकारने पिवळ्या वाटाण्यावर एकदम 50 टक्के शुल्क लावलं, डिसेंबरात मसूर-हरभऱ्यावर 30 टक्के. तेव्हा तिकडच्या शेतकऱ्याचं कोठार भरलेलं आणि गिऱ्हाईक एका रात्रीत गेलेलं. सहा वर्षांनी शुल्क निघालं तेव्हा माझी पाळी. दोघांच्याही पेरणीनंतर निर्णय. दोघांनाही विचारलेलं नाही.

आता त्या 72 माणसांकडे परत. 1936 मध्ये सस्कॅचेवानात सुमारे 1,42,000 शेतं होती, सरासरी 400 एकरांची. 2021 मध्ये उरली सुमारे 34,000, सरासरी 1,766 एकरांची. दुष्काळाने काही गेले. त्याहून जास्त नंतरच्या चांगल्या वर्षांत गेले. ट्रॅक्टर मोठा झाला, शेजाऱ्याची जमीन घेतली, शेजारी शहरात गेला, त्याची पोरं गेली, शाळा बंद झाली, मग दुकान, मग धान्याचं लाकडी एलिव्हेटर, मग रेल्वेचा फाटा. उतारा वाढत गेला आणि माणसं कमी होत गेली, दोन्ही एकाच वेळी.

पण हीच विरळ माणसं काय करून गेली ते सांगतो. 1915 च्या सुमारास सार्निया नावाच्या ग्रामीण म्युनिसिपालिटीत डॉक्टर गाव सोडायला निघाला, कारण लोकांकडे फी द्यायला पैसे नव्हते. म्युनिसिपालिटीने करातून त्याला वर्षाला 1,500 डॉलर देऊन ठेवून घेतलं. मग इतरांनी तेच केलं. कुणी चार म्युनिसिपालिट्या मिळून दवाखाना बांधला. 1945 च्या शेवटी स्विफ्ट करंट भागातल्या लोकांनी मतदान करून ठरवलं, की सगळ्यांनी पैसे भरायचे आणि सगळ्यांना उपचार मिळायचे. ते घडवून आणण्यात पिटव्हिल म्युनिसिपालिटीचे सचिव विल्यम ब्युराक पुढे होते. जुलै 1946 ला योजना सुरू झाली. 1962 ला ती अख्ख्या प्रांतात आली, डॉक्टरांनी 23 दिवस संप केला तरी टिकली, आणि पुढे सगळ्या कॅनडाची झाली. आज ज्या सरकारी आरोग्यसेवेचं जग कौतुक करतं, तिचं मूळ अशा पंचायतीच्या बैठकीत आहे, जिथं दोन घरांमध्ये मैलभर अंतर होतं.

2000 साली एका सरकारी समितीने सुचवलं, की एवढ्या म्युनिसिपालिट्या कशाला, एकत्र करून कमी करा. ग्रामीण भागाने कडाडून विरोध केला. भाच्याला विचारलं, "72 माणसांना स्वतंत्र पंचायत कशाला लागते रे?" तो म्हणाला, "मामा, बर्फ पडल्यावर कोणता रस्ता आधी मोकळा करायचा, हे इथल्यालाच कळणार ना. मला ट्रक घेऊन जायचं असतं, मला विचारा."

मी यातून माझ्यापुरतं तीन गोष्टी घेतल्या. एक, दुष्काळात एका वर्षी उपयोगी पडलेली युक्ती कायमचा नियम करायची नाही. मी यंदा तुरीच्या काड्या आणि सोयाबीनचं काड पेटवलं नाही, रानातच ठेवलंय. कुळवाच्या दोन पाळ्या कमी केल्या. शेजारी हसतात, हसू देत. दोन, पंचायत लहान म्हणून तिचं काम लहान नसतं. आणि तीन, उतारा वाढला म्हणजे गाव वाढलं असं नाही. आमच्या वस्तीवरच्या शाळेत यंदा अकरा पोरं आहेत. माझ्या वेळी चाळीसच्या वर होती. त्या अकरामधला एक माझा नातू आहे. पुढच्या वर्षी शाळा राहील का, याची चर्चा सुरू आहे. तिथं रस्ता, दुकान, फाटा कुठल्या क्रमाने गेलं ते वाचल्यावर मला शाळेची जास्त काळजी वाटायला लागली आहे. येत्या ग्रामसभेला मी हा विषय लेखी देणार आहे.

तुमच्या गावात शाळेचा पट किती आहे आणि पाच वर्षांपूर्वी किती होता, ते खाली लिहा. कोरडवाहूत काड रानात ठेवून कुणी हरभरा केला असेल तर उताऱ्यासकट सांगा, कृषी सहायक आणि अभ्यासक मंडळींनीही. पुढची नोंद हरभऱ्याच्या काढणीनंतर.

राम राम.